नळींतलें रक्त आणि अंगांतलें रक्त

रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. एका मोठ्या शहरांतील सार्वजनिक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत, सर्व लोक ज्याला ‘कॅज्युअल्टी’ म्हणून ओळखतात तेथें, एका पासष्ट वर्षांच्या गृहस्थांना त्यांचा मुलगा घेऊन येतो. गृहस्थांना मूत्रपिंडाचा जुना विकार आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि दुपारपासून पायांतली शक्ति गेल्यासारखें त्यांना वाटत आहे. विभागांत त्या वेळीं इतर माणसें कमी नसतात. एकाचें डोकें फुटलें आहे, एका मुलाला फेफरें आलें आहे, एक बाई पोट धरून वांकून बसली आहे. अशा धांदलींत परिचारिका वृद्धाच्या हाताच्या पाठीवर सलाईनकरितां कॅन्युला बसविते, निवासी डॉक्टर तिच्याच तोंडाला पिचकारी लावून जोरानें रक्त ओढून घेतो, तें तीन नळ्यांत भरतो आणि नळ्या प्रयोगशाळेकडे धाडतो. सारें काम चार मिनिटांत उरकतें. पाऊण तासानें वरून फोन येतो, “नमुना फुटला आहे, पुन्हां पाठवा.” डॉक्टर पुन्हां सुई घेऊन आलेला पाहतांच मुलाचा तोल जातो. “अहो डॉक्टर, आतांच तर एवढें रक्त काढलेंत! तुमच्या माणसांनीं नळी फोडली, तर त्याची शिक्षा आमच्या बाबांना कां?”

हें चित्र कल्पिलेलें आहे; पण असा फोन आणि असा संताप कोणत्याहि मोठ्या रुग्णालयास अपरिचित नाहीं. प्रयोगशाळांनीं नापसंत केलेल्या नमुन्यांचा हिशेब जेथें जेथें ठेवला गेला, तेथें तेथें त्यांतले निम्म्याच्या आसपास नमुने या एकाच दोषामुळें नाकारले गेल्याचें आढळलें आहे. शंभर नमुन्यांत असे दोन निघाले तर तें क्षम्य समजावें, अशी मर्यादा अमेरिकेंतील प्रयोगशाळा-तज्ज्ञांनीं घालून दिली आहे. कॅज्युअल्टीच्या बाबतींत मात्र शंभरांत दहा आणि त्याहूनहि अधिक नमुने सदोष निघाल्याच्या नोंदी देशोदेशींच्या रुग्णालयांतून झालेल्या आहेत. म्हणजे ज्या ठिकाणीं वेळ सर्वांत मोलाचा, त्याच ठिकाणीं नमुना सर्वांत जास्त वेळां वायां जातो.

मुलाचा समज असा, कीं नळी कोणाच्या तरी हातून पडून फुटली. नळी शाबूत असते; फुटलेले असतात ते तिच्या आंतले तांबडे कण. रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत असे सुमारें पन्नास लाख कण तरंगत असतात. प्रत्येक कण म्हणजे मध्यें चेपलेली एक वाटोळी चकती, रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातआठ पट. शरीरांतील अगदीं बारीक केशवाहिन्या या चकतीहूनहि अरुंद असतात. तरी ती अंग मुडपून त्यांतून पार होते, प्लीहेंतल्या चिंचोळ्या फटींतून निसटते आणि सुमारें एकशें वीस दिवस हा प्रवास अखंड करिते. इतका चिवट कण पिचकारींत येतां येतां फुटावा, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु अरुंद वाटेचें त्याला भय नसतें. भय असतें तें हिसक्याचें. शरीरांत रक्त दाबाखालीं पुढें ढकललें जातें, वाटा मऊ असतात, वळणें सौम्य असतात. सुईच्या मागें जोरानें ओढ लागली, कीं प्रवाहांत भोवरे उठतात, कण एकमेकांवर आणि नळीच्या कडांवर घासले जातात, आणि त्यांचें पातळ आवरण फाटतें. या प्रकारास शास्त्रांत ‘हिमोलिसिस’ म्हणतात. मराठींत रक्तविलयन असा शब्द रूढ झाला आहे. आणि प्रयोगशाळेंतली माणसें नुसतें ‘नमुना फुटला’ म्हणतात, तेंच बरें.

फुटलेला नमुना नळींत पाहून सहसा ओळखतां येत नाहीं, कारण रक्त तांबडें तें तांबडेंच दिसतें. प्रयोगशाळेंत नळी यंत्रांत घालून वेगानें फिरवितात. मग कण तळाशीं बसतात आणि वर रक्तजल उरतें. निरोगी नमुन्यांत तें गव्हाच्या काडीच्या रंगाचें असतें. कण फुटले असले तर त्यांतलें हिमोग्लोबिन त्यांत मिसळून तें गुलाबी दिसूं लागतें, आणि फारच फुटले असले तर तें थेट कोकमाच्या सरबतासारखें होतें. त्या वेळीं कळतें, आणि त्या वेळीं रोगी प्रयोगशाळेपासून दोन मजले दूर, खाटेवर वाट पाहत असतो.

आतां केवळ रंग बदलल्यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें, कीं कणाच्या आंतील द्रव्यें आणि बाहेरील द्रव्यें यांचें प्रमाण अगदीं भिन्न असतें. पोटॅशियम हा क्षार घ्यावा. रक्तजलांत त्याचें प्रमाण दर लिटरला साधारण ३.५ ते ५ एकक, म्हणजे मिलिमोल, एवढेंच असतें. कणाच्या आंत मात्र तेंच प्रमाण वीसपटींहून अधिक. त्यामुळें शंभर कणांतला एक जरी फुटला, तरी बाहेरचा आकडा पाऊण ते एक एककानें चढतो. आणि पोटॅशियमच्या आकड्यांत एक एकक म्हणजे लहानसहान फरक नव्हे. साडेचार आणि साडेसहा यांच्यामध्यें, घरीं जाणारा रोगी आणि हृदय कोणत्याहि क्षणीं बंद पडूं शकेल असा रोगी, एवढें अंतर आहे.

यांतून डॉक्टरापुढें जो पेंच उभा राहतो, तो घरच्या माणसांना सहसा कोणी समजावून सांगत नाहीं. आकडा मोठा आला आणि तो खरा मानला, तर पोटॅशियम खालीं आणण्यासाठीं शिरेंतून इन्शुलिन आणि त्याच्या सोबत ग्लुकोज द्यावें लागतें. आकडा खोटा असला तर निरोगी माणसाच्या अंगांत विनाकारण इन्शुलिन गेलें, आणि त्याची साखर घसरून नवेंच संकट ओढवलें. उलट ‘नमुना फुटलेला असेल’ म्हणून आकडा झटकून टाकला आणि तो खरा निघाला, तर मूत्रपिंडाचा रोगी डोळ्यांदेखत हातचा जाऊं शकतो. तिसरी शक्यता याहून फसवी आहे. जुलाबवांत्यांनीं कोणाचें पोटॅशियम खरोखरीच घसरून अडीचवर आलेलें असतें. नमुन्यांतले कण फुटून त्यांत एक एकक वाढतें आणि कागदावर साडेतीन येतात. तो आकडा नेहमीच्या मर्यादेंत बसतो, त्यावर कोणाची नजर ठरत नाहीं, आणि ज्या रोग्याला पोटॅशियम द्यावयास हवें होतें तो तसाच राहतो.

लालीच्या मानानें ठराविक रक्कम वजा करून खरा आकडा काढावा, असेंहि कांहींनीं सुचवून पाहिलें आहे. पण फुटण्याचें प्रमाण आणि वाढ यांचा मेळ प्रत्येक माणसांत सारखा बसत नाहीं, म्हणून जाणते लोक अशा वजाबाकीवर विसंबत नाहींत. शिवाय दोष फक्त पोटॅशियमपुरता नसतो. यकृताच्या कांहीं परीक्षा, मॅग्नेशियम, फॉस्फरस यांचे आकडे वर जातात. हृदयविकाराचा झटका ओळखण्याची जी ट्रोपोनिनची परीक्षा, तिच्याहि कांहीं प्रकारांत फुटलेल्या नमुन्यामुळें घोटाळा होतो. छातींत दुखत आहे म्हणून आलेल्या माणसाच्या बाबतींत याचा अर्थ काय, हें सांगावयास नको.

मग हें कॅज्युअल्टींतच इतकें कां घडतें? तेथील माणसें निष्काळजी असतात, हें उत्तर सोपें आहे आणि बहुतेक वेळां तें खोटें आहे. खरें कारण बरेंचसें त्या कॅन्युलांत आहे. वॉर्डांत सकाळीं रक्त घेणारा माणूस येतो, तो कोपराच्या खळगींतल्या ठसठशीत शिरेंत सरळ सुई घालून नळ्या भरतो आणि निघून जातो. कॅज्युअल्टींत रोग्याला सलाईन लावावयाचें असतेंच. म्हणून एकाच टोंचणींत दोन्ही कामें होतात. हेतु दयेचा आहे, यांत शंका नाहीं. परंतु कॅन्युला ही औषध आंत सोडण्यासाठीं बनविलेली वस्तु आहे, रक्त बाहेर ओढण्यासाठीं नव्हे. तिची मऊ नळी ओढ लागतांच किंचित् चेपते. तिच्या आणि पिचकारीच्या सांध्याशीं वाट एकदम रुंद होते आणि प्रवाह तेथें घुसळून निघतो. त्यांत ती हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेंत असली, म्हणजे रक्त हळू येतें, आणि रक्त हळू येऊं लागलें, कीं घाईंतला हात दट्ट्या आणखी जोरानें मागें खेंचतो.

या प्रश्नाचा नीट तपास झालेला आहे. अमेरिकेच्या ‘सेंटर्स फॉर डिसीज कंट्रोल’ या सरकारी संस्थेच्या पुढाकारानें, निरनिराळ्या कॅज्युअल्टी विभागांत झालेल्या अभ्यासांचें एक एकत्र परीक्षण झालें आणि तें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसून आलें, कीं सरळ सुईनें स्वतंत्र टोंचून घेतलेल्या नमुन्यांत फुटण्याचें प्रमाण कॅन्युलांतून घेतलेल्या नमुन्यांच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतकेंच असतें. कॅन्युलांतूनच रक्त घ्यावें लागलें, तरी ती कोपराच्या खळगींत असली तर तें प्रमाण इतर जागांच्या मानानें निम्म्याच्या आसपास येतें. वैद्यकांत एखादी साधी युक्ति इतका ढळढळीत फरक घडवून आणते, असे प्रसंग थोडे.

परिचारिकांचा या सल्ल्याला बहुधा विरोध असतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. त्या म्हणतात, शंभरांत पंधरा नमुने फुटतात असें धरलें, तरी उरलेल्या पंचाऐंशी जणांचा एक टोंचा वांचतोच कीं! शिवाय प्रत्येक जादा सुई म्हणजे ती हाताळणाऱ्याच्या बोटांत घुसण्याची एक जादा शक्यता. हा हिशेब चुकीचा नाहीं, अपुरा आहे. ते पंधरा कोण, हें आधीं कोणास ठाऊक नसतें, आणि ज्यांचें निदान त्या आकड्यावर लटकलें आहे ते नेमके त्या पंधरांत असूं शकतात. त्यांना दुसरा टोंचा चुकत नाहींच, वर एक तास जातो. म्हणून सरसकट एकच नियम करण्यापेक्षां विवेक करणें बरें. ज्याच्या शिरा चांगल्या आहेत आणि ज्याच्या पोटॅशियमवर उपचार अवलंबून आहे, अशा प्रौढ माणसास दुसऱ्या हातावर वेगळी सुई. तान्हें मूल, शिरा न सांपडणारा स्थूल मनुष्य, वारंवार टोंचून शिरा झिजलेला जुना रोगी यांना एकदांच कॅन्युला, पण ती कोपराजवळ आणि शक्य तितक्या मोठ्या तोंडाची, आणि दट्ट्या अगदीं सावकाश ओढावयाचा. आणि आणखी एक प्रश्न कोणी विचारीत नाहीं तो असा, कीं आलेल्या प्रत्येकाला कॅन्युला हवीच असते काय? कित्येकांच्या हातांत ती रिवाज म्हणून बसते आणि एक थेंबहि आंत न जातां घरीं जातांना निघते.

ओढीचा विषय निघाला, तेव्हां नळ्यांबद्दल दोन शब्द सांगावयास हवेत. जोसेफ क्लाइनर नांवाच्या संशोधकास १९४९ सालीं अमेरिकेंत एका नळीचें पेटंट मिळालें. तिच्यांतली हवा आधींच काढून घेतलेली असल्यामुळें, रबरी बूच टोंचतांच रक्त आपोआप आंत खेंचलें जातें. आज जगभर वापरांत असलेली ‘व्हॅक्युटेनर’ ती हीच. या नळीनें पिचकारीची हाताळणी वांचविली, नळींत रक्त किती घ्यावयाचें तें नेमून दिलें आणि पुष्कळ सोय केली. मात्र मोठ्या नळींतली मोठी ओढ कॅन्युलाशीं जोडली, म्हणजे कण फुटावयास आणखी एक कारण मिळतें. कमी ओढीच्या लहान नळ्या वापरल्यास फुटण्याचें प्रमाण घटतें, असें अनुभवास आलें आहे. लहान नळीनें रक्तहि कमी लागतें, आणि ‘किती रक्त काढणार’ या प्रश्नाचें थोडें समाधान त्यांतहि आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणीं अजून पिचकारीनेंच रक्त काढून मग नळ्यांत भरतात. तेथें दट्ट्या दाबून सुईवाटे नळींत चिळकांडी मारली, कीं शिरेंतून नीट आलेले कण नळींत येतांना फुटतात. त्यापेक्षां नळीच्या ओढीनेंच रक्त आंत जाऊं द्यावें, किंवा झांकण उघडून सुई काढलेल्या पिचकारींतून तें नळीच्या भिंतीवरून ओघळूं द्यावें.

दंडाला बांधलेला रबरी पट्टा मिनिटाहून अधिक काळ ठेवूं नये, स्पिरिट वाळल्यावर सुई घालावी, नळी हलवावयाची ती जोरानें न घुसळतां हळूच उलटीसुलटी करावी, हीं पथ्यें शिकवितांना सर्वांना सांगितलीं जातात आणि घाईंत सर्वजण विसरतात. त्यांतली एक खोड मात्र रोग्याच्या बाजूची आहे. शीर फुगावी म्हणून ‘मूठ घट्ट करा, उघडा, पुन्हां करा’ असें पुष्कळदां सांगितलें जातें, आणि रोगीहि आज्ञाधारकपणें मूठ वळीत राहतो. स्नायु असा आवळला, कीं त्यांतून पोटॅशियम बाहेर पडतें, आणि एकहि कण न फुटतां आकडा चढतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखानें ही गोष्ट नामांकित केली, एका एककाच्या आसपास वाढ केवळ मूठ वळल्यानें होऊं शकते, असें त्यांत दाखविलें आहे.

बर्फाचेंहि तसेंच. नमुना टिकावा म्हणून नळी बर्फांत घालून पाठविण्याची आपल्याकडे हौस आहे. उन्हाळ्यांत तर तें शहाणपणाचें वाटतें. पण कणाच्या आवरणांत पोटॅशियमला आंत धरून ठेवणारी यंत्रणा अहोरात्र चालू असते, आणि ती थंडींत मंदावते. मग कण शाबूत राहून पोटॅशियम मात्र बाहेर झिरपतें. रक्तजल काडीच्या रंगाचें स्वच्छ दिसतें आणि प्रयोगशाळेलाहि शंका येत नाहीं. फुटलेला नमुना निदान आपला दोष रंगानें कबूल तरी करितो. साखरेची गोष्ट उलट आहे: नळींतले जिवंत कण साखर खातच राहतात, आणि नमुना तसाच पडून राहिला तर ती दर तासाला शेंकडा पांच ते सात इतकी घटते. म्हणून साखरेसाठीं राखी टोपीची निराळी नळी असते, आणि तीहि वेळेवर पोंचावी लागते.

टोप्यांच्या रंगांमागें असेंच रसायन आहे. जांभळ्या टोपीच्या नळींत रक्त गोठूं न देणारें जें द्रव्य असतें, तें एक पोटॅशियमचाच क्षार असतें, आणि तें रक्तांतलें कॅल्शियम बांधून टाकतें. आतां समजा, लाल टोपीच्या नळींत रक्त कमी पडलें आणि जांभळींत थोडें जास्त आहे. घाईंतला माणूस सहज झांकण उघडून या नळींतलें त्या नळींत ओततो; त्याला वाटतें, रक्त तें एकच. अहवालांत पोटॅशियम दहाच्या वर आणि कॅल्शियम जवळ जवळ नाहींसें, असा आकडा येतो. असे आकडे असणारा मनुष्य जिवंत राहूं शकत नाहीं. आणि रोगी तर खाटेवर बसून चहा मागत असतो! अनुभवी पॅथॉलॉजिस्ट हे दोन आकडे शेजारीं शेजारीं पाहतांच काय झालें तें ओळखतो. अवघड असतें तें, सुईच्या टोकाला लागून त्या द्रव्याचा अंशमात्र दुसऱ्या नळींत गेला असला तर. तेव्हां पोटॅशियम थोडें वर आणि कॅल्शियम थोडें खालीं एवढेंच दिसतें, आणि तें एखाद्या रोगाचें चित्र म्हणूनहि खपून जातें. नळ्या ठराविक क्रमानें भराव्या, जांभळी मागाहून घ्यावी, हा नियम याकरितांच आहे. निळ्या टोपीची नळी, रक्त गोठण्याचा वेळ मोजण्याची, हिच्यांत तर नऊ भाग रक्तास एक भाग द्रव असें माप ठरलेलें असतें. ती अर्धी भरून पाठविली तर रक्त उशिरां गोठतें असा खोटाच निष्कर्ष निघतो.

ज्या हातांत सलाईन चालू आहे त्याच हातांत, सुईच्या वरच्या बाजूस टोंचून रक्त घेतलें, तर नळींत रक्तासोबत सलाईनहि येतें. ग्लुकोजची बाटली चालू असली म्हणजे साखर इतकी निघते, कीं मधुमेह नसलेल्यास मधुमेही ठरवितां यावें. यावर अधिक बोलण्याचें कारण नाहीं. दुसरा हात असतो.

हें सर्व साधलें आणि चिठ्ठी चुकली, तर मात्र सगळेंच व्यर्थ. नळ्या भरून टेबलावर नेऊन तेथें नांवें लिहावयाचीं, हा प्रघात जेथें आहे तेथें आज ना उद्यां एकाचें रक्त दुसऱ्याच्या नांवावर जाणार. रक्तगटाच्या नमुन्यांत ही चूक झाली, तर पुढें चढविली जाणारी बाटली प्राणघातक ठरूं शकते. नांव खाटेपाशींच, नळी हातांत असतांनाच लिहावयाचें. आणि विचारावयाचें कसें, यालाहि महत्त्व आहे. “आपण पाटील ना?” असें विचारलें, तर ग्लानींतला मनुष्य कशालाहि ‘हो’ म्हणतो, आणि महाराष्ट्रांतल्या कोणत्याहि वॉर्डांत पाटील एकच असतो असें नाहीं. “आपलें पूर्ण नांव सांगा” असें विचारावें.

प्रयोगशाळेचीहि या कामीं कांहीं जबाबदारी आहे. पूर्वीं रक्तजलाचा रंग डोळ्यांनीं पाहून ठरवीत, आणि काविळीच्या पिवळ्या रंगाखालीं गुलाबी छटा लपून जात असे. आतां मोठ्या यंत्रांना ती छटा मोजतां येते आणि प्रत्येक नमुन्यास एक अंक मिळतो. या अंकाचा उपयोग केवळ नमुना नाकारण्यासाठीं झाला तर काम अर्धेंच झालें. कोणत्या विभागाकडून, कोणत्या पाळींत, कोणत्या रीतीनें घेतलेले किती नमुने फुटले, हें दरमहा त्या विभागाच्या भिंतीवर लागलें पाहिजे, आणि तें कोणाला दोष देण्यासाठीं नव्हे, तर रक्त घेणाऱ्यास स्वतःच्या हाताची फळें दिसावीं म्हणून. आज पुष्कळ ठिकाणीं नवखा डॉक्टर वर्षभर रक्त काढतो आणि त्याचे किती नमुने वायां गेले हें त्याला कधींच कळत नाहीं. तो पुढच्या जागीं जातो, आणि त्याच्या जागीं दुसरा नवखा येतो.

कॅज्युअल्टींतच ठेवलेल्या लहान यंत्रांनीं दोन मिनिटांत पोटॅशियम कळतें, मग हा सारा खटाटोप कशाला, असें म्हणणारे आहेत. त्या यंत्रांची सोय मोठी आहे. पण तीं रक्त फिरवून कण वेगळे करीत नाहींत, आणि त्यामुळें नमुना फुटला आहे कीं नाहीं हें त्यांतल्या बहुतेकांना दिसत नाहीं. तेथें खोटा आकडा मिळतो तो फक्त लवकर मिळतो.

एक अपवाद सांगावयास हवा. फुटलेल्या नमुन्यांपैकीं अगदीं थोड्या नमुन्यांत कण नळींत नव्हे, तर खरोखरीच शरीरांत फुटत असतात: न जुळणारें रक्त चढविलें गेलें असलें, हिंवताप विकोपाला गेला असला, कांहीं विषांचा परिणाम झाला असला, तर. दुसरा नमुना उत्तम रीतीनें घेऊनहि पुन्हां लाल आला, तर रक्त घेणाऱ्यावर रागावणें सोडून रोग्याकडे धांवलें पाहिजे.

त्या रात्रीच्या गृहस्थांकडे आतां परत यावयाचें. पहिल्या नमुन्याचा आकडा प्रयोगशाळेनें फोनवर सांगितलेला असतो: ६.९, परंतु नमुना फुटलेला, भरंवसा नाहीं. हृदयाचा आलेख काढला, तो जवळ जवळ नेहमीसारखा आहे. पण पोटॅशियम वाढलेलें असूनहि आलेख निर्दोष दिसूं शकतो, हें निवासी डॉक्टरास ठाऊक आहे. तो मुलाला बाजूला घेतो आणि म्हणतो, “नळी कोणी फोडली नाहीं. मघाशीं घाईंत ओढलेलें रक्त आंतल्या आंत फुटलें. बाबांच्या अंगांत एक क्षार वाढला आहे कीं नाहीं, हें मला नक्की कळलें पाहिजे, नाहीं तर मी देईन तें औषधच त्यांना बाधेल.” मुलगा कांहीं बोलत नाहीं, वडिलांचा दुसरा हात सरळ धरून ठेवतो. “बाबा, मूठ वळूं नका, हात सैल सोडा.” पट्टा बांधला जातो, कोपराच्या खळगींत सुई जाते, शीर लागतांच पट्टा सुटतो, नळी आपल्या ओढीनें भरते. डॉक्टर पूर्ण नांव विचारून घेतो आणि तेथेंच, खाटेच्या कठड्यावर टेकून, चिठ्ठीवर लिहितो. सव्वाबारा झालेले असतात.

एक वाजतां अहवाल येतो. रक्तजल स्वच्छ, काडीच्या रंगाचें. पोटॅशियम ६.४, म्हणजे आकडा खराच वाढलेला. कॅल्शियमचें इंजेक्शन आणि त्यामागून इन्शुलिन व ग्लुकोज लगेच सुरू होतें, आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना फोन जातो. पहिला नमुना नीट असता, तर हाच आकडा बारा वाजून पांच मिनिटांनीं हातीं आला असता.